पाच मार्कांची हिमनदी

‘हिमनदीच्या संचयन कार्यामुळे तयार होणारी भूरूपे सांगा.’ शाळेत भूगोलाच्या पेपरात हा प्रश्न दिसला की मी खूश व्हायचे. हिमोढाची आकृती काढायची, बाण दाखवून नावं द्यायची, पाच मार्क खिशात! माळशेज घाटात धुकं बघून ‘अय्या, स्वित्झर्लंड!’ म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांचा हिमनदीशी संबंध एवढाच. पण मे 2023 मध्ये ऑफिसातल्या आम्ही तिघांनी बॉसला पटवून एकदम रजा टाकली आणि थेट गोमुख गाठलं.

गंगोत्रीहून गोमुख साधारण 18 किलोमीटर. पहिल्या दिवशी 14 किलोमीटर चालून भोजबासाला मुक्काम, दुसऱ्या दिवशी उरलेले चार. उंची 4,000 मीटरच्या आसपास, त्यामुळे जिमच्या वार्षिक मेंबरशिपचा काडीचा उपयोग होत नाही. दर दहा पावलांवर ‘फोटो काढू या’ म्हणत थांबायचं!

डोळ्यांसमोर वॉलपेपरवरची पांढरीशुभ्र हिमनदी होती. प्रत्यक्षात दिसला दगडमातीने माखलेला काळपट ढीग. बिल्डरच्या साइटवर पडलेला राडारोडाच जणू! “हीच?” आमच्यातला एक जण वैतागून म्हणाला. उत्तरकाशीचा आमचा गाइड हसला. “साब, ऊपर पत्थर है, नीचे सब बरफ है. और चल रही है.” मग नीट बघितलं. ढिगाच्या तुटलेल्या तोंडाशी निळसर बर्फाची भिंत होती आणि तिच्या पायथ्यातून भागीरथी धाडधाड बाहेर पडत होती.

बर्फाची नदी होते कशी?

नुसता बर्फ पडला म्हणजे हिमनदी होत नाही. हिवाळ्यात पडलेला बर्फ उन्हाळ्यात पूर्ण वितळला, तर हिशेब तिथेच संपला. पण उंचावर थोडा बर्फ उरतो. पुढच्या वर्षी त्यावर नवा थर, मग आणखी एक. वरच्या वजनाने खालचे भुसभुशीत कण दाबले जातात, त्यांच्यातली हवा निघून जाते आणि वर्षानुवर्षं दबून त्याचा घट्ट, निळसर बर्फ होतो. हा थर काही दहा मीटर जाड झाला की तो स्वतःच्याच वजनाने उतारावर सरकायला लागतो. खोलवरचा बर्फ घट्ट मळलेल्या कणकेसारखा दबत, ताणत पुढे जातो. शिवाय तळाशी वितळलेल्या पाण्यावरून अख्खी हिमनदीच घसरते. वरचा थर मात्र कडक असतो. त्याला हे ताणणं जमत नाही, म्हणून तो तडकतो आणि त्यात माणूस गिळणाऱ्या भेगा पडतात.

गंगोत्री हिमनदी सुमारे 30 किलोमीटर लांब आहे आणि सुरू होते चौखंबा शिखराच्या उतारांवर. वेग दिवसाला 10 सेंटीमीटर धरला, तर वरून निघालेल्या बर्फाला गोमुखापर्यंत यायला 800 वर्षं लागतील. म्हणजे ज्ञानेश्वर महाराजांच्याही आधी पडलेला बर्फ आपल्यासमोर वितळत असतो! बाटलीत ते पाणी भरून घेताना मी क्षणभर गप्पच झाले.

सावकाश, पण जोरात

या कूर्मगतीला हसू नका. तळातलं पाणी खडकांच्या फटींत शिरून गोठतं आणि हिमनदी ते खडक उपटून बरोबर नेते. तेच दगड खालच्या खडकावर पॉलिश पेपरसारखे घासले जातात. त्याचं इतकं बारीक पीठ होतं की भागीरथीचं पाणी राखाडी दिसतं. आम्हाला आधी ते नुसतं गढूळ वाटलं होतं!

आपल्या सह्याद्रीत नद्या कातळ चिरत खाली उतरतात, म्हणून घळी अरुंद, इंग्रजी ‘व्ही’सारख्या. हिमनदी मात्र दरीचा तळ आणि बाजू दोन्ही खरवडते, म्हणून दरी ‘यू’सारखी रुंद होते. अभ्यासकांच्या मते सुमारे 60 हजार वर्षांपूर्वी ही हिमनदी झाला नावाच्या गावापर्यंत पोचली होती. म्हणजे आजच्या गोमुखापासून जवळपास 40 किलोमीटर खाली! गंगोत्रीला जाताना हर्षिल-धरालीजवळ दरी एकदम ऐसपैस होते. ती वाट तिनेच मोकळी केलेली.

जमा कमी, खर्च जास्त

हिमनदी ‘मागे हटते’ म्हणजे उलटी चालते असं नव्हे. ती खालीच येत असते. पण सॅलरीपेक्षा ईएमआय जास्त झाला की अकाउंटचं जे होतं, तेच तिचं होतं. वर जमा होणाऱ्या बर्फापेक्षा खाली वितळणारा जास्त. 1935 पासूनच्या नोंदी बघितल्या तर गोमुख एक किलोमीटरहून जास्त मागे गेलं आहे. आमच्या गाइडने एका मोठ्या धोंड्याला टेकून सांगितलं, “मैं छोटा था तब गोमुख यहाँ था.” तिथून आम्ही पुढे बराच वेळ चाललो.

आणि हटताना ती सगळा राडारोडा मागे टाकून जाते. आपला पाच मार्कांचा हिमोढ तो हाच. सुटे दगड, वाळू, माती. धरून ठेवायला काही नाही. केदारनाथच्या वर चोराबाडी हिमनदीजवळ अशाच हिमोढामागे तळं साठलं होतं. जून 2013 मध्ये तो बांध फुटला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

जाताना आम्ही धरालीला जेवलो होतो. राजमा-चावल. धाबेवाल्या काकांनी पैसे न घेता वाळवलेल्या सफरचंदांची पुडी हातात ठेवली आणि परत यायचं वचन घेतलं. 5 ऑगस्ट 2025 रोजी खीरगंगा नाला चिखल आणि धोंडे घेऊन त्या बाजारावर आला. टीव्हीवर तो व्हिडिओ बघताना मी आमचा धाबा शोधत होते. काकांचा नंबर अजून फोनमध्ये आहे. लागत नाही.

नंतर वाचताना कळलं, धराली वसलं होतं तेच मुळी या नाल्याने पूर्वी आणून टाकलेल्या दगडगाळाच्या पंख्यावर. नाला उतरतो तो हिमनद्यांच्या आणि सुट्या हिमोढाच्या भागातून. डोंगरात सपाट जागा मिळते ती बहुतेक अशाच ढिगांवर. घरं तिथेच होतात, हॉटेलंही तिथेच, आणि ‘रिव्हर व्ह्यू’ रूमसाठी जास्त पैसे आपणच मोजतो. मीही मोजलेत.

आता हिमालयात कुठेही गेले की चेक-इन करण्याआधी मान वर करून बघते. इथे कोणता नाला उतरतो? खालची जमीन कुणी आणून टाकली? शाळेत बाण दाखवून नावं दिली होती, तीच आकृती. फक्त आता त्यात माणसं राहतात, हे दिसतं.

जायचं असेल तर...

* गोमुखसाठी गंगोत्री राष्ट्रीय उद्यानाचा परवाना लागतो. दिवसाला 150 जणांनाच मिळतो, तेव्हा आधीच तयारी करा.
* गंगोत्रीला एक दिवस थांबा. शरीराला उंचीची सवय होऊ द्या.
* गोमुखाच्या तोंडाशी सेल्फीसाठी जाऊ नका. बर्फाचे कडे सांगून कोसळत नाहीत.
* पावसाळा टाळा आणि निघण्याआधी रस्त्याची चौकशी करा.