सवा मिनिटाचा सोनेरी खेळ

घोड्याचा दम पाहायचा की वेग, हा रेसच्या शौकिनांमधला जुना वाद आहे. ऑस्ट्रेलियाने तो १९५७ साली निकालात काढला, असे माझे मत आहे.

तोवर त्या देशाचे आराध्यदैवत एकच, मेलबर्न कप! दोन मैलांची शर्यत. तिथे छाती लागे. पण सिडनी टर्फ क्लबच्या जॉर्ज रायडर यांनी दोन वर्षांच्या शिंगरांसाठी रोझहिलच्या मैदानावर एक नवी शर्यत काढली. अंतर अवघे सहा फर्लांग आणि नाव 'गोल्डन स्लिपर', म्हणजे सोन्याची सपाता. शेजाऱ्याकडून काडेपेटी घेऊन विडी पेटवावी, तोवर निकाल लागलेला असतो.

पहिल्याच वर्षी टॉडमन नावाच्या तांबड्या घोड्याने, नेव्हिल सेलवुड पाठीवर असताना, ही शर्यत आठ लांबींनी मारली. एवढ्याशा अंतरात आठ लांबी म्हणजे बाकीचे घोडे चालत होते की काय, असेच वाटावे! त्याच मोसमात टलॉक या घोड्याने त्याला एकदा हरवले आणि त्यानेही टलॉकला सहा लांबींनी मागे टाकून उट्टे काढले. टलॉक पुढे लांब पल्ल्याचा राजा झाला. टॉडमनच्या पायाने मात्र दगा दिला. मोठ्या खंडानंतर तो परतला खरा, पण जन्मभरात धावला बाराच वेळा. त्यांतल्या दहा शर्यती त्याने जिंकल्या.

खरी गंमत त्याच्या बापाची. स्टार किंगडम हा इंग्लंडात धावलेला ठेंगणा घोडा. स्टॅन्ली वूटन आणि त्यांच्या भागीदारांनी तो १९५१ साली न्यू साउथ वेल्समध्ये पैदाशीसाठी आणला. १९५७ ते १९६१ या पाचही वर्षी गोल्डन स्लिपर जिंकणारी शिंगरे त्याचीच! टॉडमन, स्कायलाइन, फाइन अँड डँडी, स्काय हाय आणि मॅजिक नाइट. मग काय, पैदास करणाऱ्यांना वाट सापडली. वेगवान बाप आणा, शिंगरू लवकर तयार करा, दुसऱ्याच वर्षी पैसा वसूल! जिंकलेला नर तर पुढे पैदाशीवर मैदानाच्या कितीतरी पट कमावतो. टॉडमनचीच दोन अपत्ये, एस्किमो प्रिन्स (१९६४) आणि स्वीट एम्ब्रेस (१९६७), हीच शर्यत जिंकून गेली. १९९४ ते २००१ या काळात डेनहिलच्या पाच अपत्यांनी तोच पराक्रम केला.

आणि ही 'दोन वर्षे' तरी कसली? तिकडे प्रत्येक घोड्याचा वाढदिवस १ ऑगस्टला धरतात. वसंतात जन्मलेले शिंगरू मार्च-एप्रिलमध्ये इथे उभे राहते, तेव्हा जेमतेम अडीच वर्षांचे असते. त्याच्या हाडांची वाढही पुरी झालेली नसते. बेताच्या धावेने कोवळी हाडे बळकट होतात, असे पशुवैद्य सांगतात. पण लाखोंचे बक्षीस समोर असताना बेत कोण पाहतो? १९७७ साली लस्किन स्टारने हे अंतर सत्तर सेकंदांत तोडले, याचे कौतुक मलाही आहे. पण त्या कोवळ्या पायांची काळजी काही सुटत नाही.

इकडे मेलबर्न कपचे काय झाले? १९९३ साली आयर्लंडहून व्हिंटेज क्रॉप आला आणि कप घेऊन गेला. त्यानंतर तो कप वरचेवर युरोपात किंवा जपानात जन्मलेल्या घोड्यांकडे जाऊ लागला. सिडनीच्या लिलावात गिऱ्हाईक मात्र अजून आधी हेच विचारते, की या शिंगराचा बाप सहा फर्लांग कसा धावला होता.