दुखणे कुठे, कारण कुठे – लेखांक ५ : भिंतीवरचा तक्ता

ताणलेल्या स्नायूत दोरीसारखा घट्ट पट्टा तयार होतो आणि त्यातली एखादी जागा दाबली की कळ भलतीकडेच उठते. या जागेला ट्रिगर पॉइंट म्हणतात, हे गेल्या आठवड्यात पाहिले. आज तीच गोष्ट रुग्णाला पटवण्यासाठी फिजिओथेरपिस्ट भिंतीवर जो तक्ता लावतात, त्याविषयी.

विश्रांतवाडी चौकातली वाहनांची कोंडी फोडून, दिवसभर संगणकापुढे मान घालून बसलेला माणूस सांगतो, "कानशील ठणकतंय." थेरपिस्ट मात्र मान आणि खांदा यांच्यामधला ट्रॅपेझियस दाबतात. डोके दुखत असताना खांदा का, हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर तक्त्यावर दिसते. फुली असते ती दाबायची जागा. भरीव लाल रंग म्हणजे कळ सहसा जिथे जाणवते तो भाग आणि लाल ठिपके म्हणजे काहींच्या बाबतीत ती पसरते तिथवरची हद्द. ट्रॅपेझियसची फुली खांद्यावर असते, तर लाल रंग मानेच्या कडेने कानामागून कानशिलापर्यंत चढतो. स्नायूकडून येणारे आणि इतर भागांतून येणारे मज्जातंतू मणक्यातल्या रज्जूत एकाच पेशींपाशी पोहोचतात, त्यामुळे मेंदूचा पत्ता चुकतो, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

हे नकाशे आले कुठून? लंडनमध्ये जॉन केलग्रेन यांनी स्नायूंत खारे पाणी टोचून कळ कुठे जाते ते नोंदवले आणि 1938 मध्ये प्रसिद्ध केले. अमेरिकेत जॅनेट ट्रॅव्हेल आणि रिन्झलर यांनी 1952 मध्ये 32 स्नायूंची चित्रे मांडली. पुढे याच ट्रॅव्हेलबाई अध्यक्ष केनेडींच्या वैद्य झाल्या. डेव्हिड सायमन्स यांच्यासोबतचा त्यांचा ग्रंथ 1983 मध्ये आला. त्यातली चित्रे बार्बरा कमिंग्ज यांनी काढली होती आणि आजचे बहुतेक तक्ते त्याच परंपरेतले आहेत.

मात्र हे नकाशे मुख्यतः रुग्णांच्या सांगण्यावरून बनले आहेत. दोन तज्ज्ञांनी एकच पाठ तपासली तर ट्रिगर पॉइंटच्या जागेवर त्यांचे एकमत होईलच असे नाही. क्विंटनर आणि कोहेन यांच्यासारख्या ऑस्ट्रेलियन वैद्यांनी तर या कल्पनेच्या मुळावरच आक्षेप घेतला आहे. म्हणून माझे ठाम मत असे, की तक्ता सगळ्यात शेवटी दाखवावा. आधी कोऱ्या देहाकृतीवर रुग्णाने आपले दुखणे स्वतः रंगवावे, मग बोटाने तपासणी व्हावी आणि त्यानंतर तक्ता पुढे यावा. लाल रंग आधी दिसला, की रुग्णाचे बोट आपोआप तिकडेच वळते.

माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला येताना याच विश्रांतवाडीतून पुढे जाते. चालून आलेल्या एखाद्या वारकऱ्याची टाच दुखत असेल, तर तक्ता पोटरीतल्या सोलियसकडे बोट दाखवतो. पण टाचेचे दुखणे पुष्कळदा तळव्याच्या पट्ट्याचे असते, हे तपासल्याशिवाय कळत नाही. कुल्ल्यातल्या ग्लुटियस मिनिमसची कळ घोट्यापर्यंत उतरते आणि हुबेहूब सायटिका वाटते. त्यामुळे नस दबली आहे का, हेही आधी पाहावे लागते.

छातीच्या स्नायूंचा लाल रंग डाव्या हातात उतरलेला दिसेल. हृदयविकाराची कळही तिथेच जाते. म्हणून छातीत दुखून हात भरून आला, पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर तक्ता बघत थांबू नका. तडक रुग्णालय गाठा.

(पुढील आठवड्यात : पोटरी आणि टाच)