ढगांची वाटचाल आणि हिमाचे समस्थानिक स्वरूप

ध्रुवीय हिम हे प्राचीन हवामानाचे तापमापक मानले जाते. मात्र या तापमापकावरील आकडा जमिनीवर नव्हे, तर ढगात घडतो.

पाण्याच्या साधारण ५०० रेणूंमागे एका रेणूत ऑक्सिजन-१८ हा जड समस्थानिक असतो. बाष्पाचे संघनन होताना जड रेणू द्रव वा हिमरूपात जाण्यास अधिक प्रवृत्त असतात. त्यामुळे ध्रुवाकडे निघालेल्या वायुराशीतील बाष्प प्रत्येक वृष्टीगणिक हलके होत जाते. ग्रीनलंडच्या माथ्यावरील हिमात ऑक्सिजन-१८ चे प्रमाण सागरजलापेक्षा हजारी सुमारे ३५ ने, तर अंटार्क्टिकावरील व्होस्टोक येथे सुमारे ५७ ने कमी आढळते. डेन्मार्कचे विली डान्सगार्ड यांनी जून १९५२ मध्ये कोपनहेगन येथे बिअरच्या बाटलीवर नरसाळे बसवून पावसाचे नमुने गोळा केले आणि ढगाच्या तापमानाशी या प्रमाणाचा संबंध जोडला. इतक्या साध्या साधनांनी एका संशोधनशाखेचा पाया घातला जावा, हे विरळाच होय.

हिमाची प्रक्रिया पावसाइतकी सरळ नाही. पडणारा थेंब ढगाखालील बाष्पाशी रेणूंची देवाणघेवाण करीत राहतो. घन हिमकण ढगातील आपले स्वरूप जवळजवळ तसेच खाली आणतो. शिवाय शून्याखालील तापमानातही ढगात द्रव थेंब टिकून असतात. थेंबांवरील बाष्पदाब हिमावरील दाबापेक्षा अधिक असल्याने थेंब आटतात व स्फटिक वाढतात. हिमाच्या दृष्टीने ही हवा अतिसंपृक्त असते. जड रेणूंचे विसरण मंद असल्याने समतोलात अपेक्षित तेवढे जड रेणू अशा वेळी स्फटिकात पोहोचत नाहीत. जूझेल व मेर्लिव्हा यांनी १९८४ मध्ये हा परिणाम गणितात मांडला. तोवर ध्रुवीय हिमातील ड्यूटेरियम व ऑक्सिजन-१८ यांच्या परस्परसंबंधाचा मेळ नीट बसत नव्हता. याउलट थेंब स्फटिकावर आदळून तत्काळ गोठल्यास त्यांचे प्रमाण न बदलता हिमात उतरते. म्हणूनच एकाच ढगातील आरंभीचे व अखेरचे हिम भिन्न असू शकते.

तापमानाचे सूत्र लावताना ढगांचा मार्ग व ऋतू कायम राहिल्याचे गृहीत धरले जाते. ग्रीनलंडमध्ये १ अंश सेल्सिअसमागे हजारी सुमारे ०.६७ हा आजचा संबंध हिमयुगालाही लावला गेला. परंतु १९९० च्या दशकात वेधनविवरांतील तापमान मोजले असता हिमयुगातील थंडी या सूत्राने दाखविल्यापेक्षा कितीतरी तीव्र, जवळपास दुप्पट, असल्याचे आढळले. त्या काळी तेथील हिवाळी हिमवृष्टी घटली होती आणि थरांत उन्हाळ्यातील, तुलनेने जड हिमच अधिक साठले, हे यामागील प्रमुख कारण मानले जाते.