आग्वादचा ठेंगणा दीपस्तंभ

दीपस्तंभाचे चित्र काढा म्हटले की मुले उंच, निमुळता मनोरा काढतात. गोव्यातील आग्वाद किल्ल्यावरचा जुना दीपस्तंभ मात्र चारच मजल्यांचा, गोल आणि ठेंगणा आहे. पोर्तुगीजांनी तो १८६४ साली बांधला. १९७६ मध्ये जवळच नवा दीपस्तंभ आल्यावर तो बंद झाला. मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. तो टाळायचा तर दिवा लांबूनच दिसायला हवा. मग एवढासा मनोरा पुरला कसा?

कारण तो टेकडीवर आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे दूरचा दिवा क्षितिजाआड जातो. दिव्याच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचे (मीटरमध्ये) वर्गमूळ काढून त्याला ३.५७ ने गुणावे. पाण्यालगतच्या डोळ्याला दिवा तितक्या किलोमीटरवरून दिसतो. अर्थात तो तेवढा प्रखर हवा. अपवर्तनामुळे अंतर थोडे वाढते, ते आपण येथे सोडून देऊ. १६ मीटर उंचीवरचा दिवा सुमारे १४ किलोमीटरवरून दिसेल, ८१ मीटरवरचा ३२. उंची पाचपट, अंतर सव्वादोनपटच! खलाशी १६ मीटर उंच डोलकाठीवर चढला, तर आणखी १४ किलोमीटर मिळतात.

माणमधील शिक्षकांनी हे गणित शिखर शिंगणापूरच्या देवळावर करून पाहावे, असे आम्ही सुचवू. मात्र उंची भोवतालच्या माळापासून धरावी, आणि मधल्या डोंगरांचा अडसर विसरू नये.

जाता जाता, ‘आग्वाद’ हे नाव पोर्तुगीज भाषेतील पाण्याच्या शब्दावरून आले आहे. येथील झऱ्याचे गोडे पाणी जहाजे भरून नेत.