सरकार नको, पण काटा हवा

गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या अर्जुनी-मोरगाव भागात धान मळून झाला की घराघरांत एकच चौकशी सुरू होते : काटा कधी लागणार? काटा म्हणजे आधारभूत खरेदी केंद्रावरचा वजनकाटा. बारदाना आला का, गोदाम रिकामं झालं का, सातबारा ऑनलाइन चढला का आणि एवढं सगळं पार पडल्यावर चुकारे कधी मिळणार. एका वर्षी वडील केंद्राबाहेर कट्ट्यांच्या थप्पीला ताडपत्री बांधून चार रात्री तिथंच झोपले. पाचव्या दिवशी घरी आले ते सरकारच्या नावानं बोटं मोडतच. पुढच्या हंगामात नोंदणीच्या रांगेत पहिला नंबर त्यांचाच होता.

सरकारनं शेतकऱ्याच्या पाठीवरून उठावं, या मागणीचा विदर्भातला मागोवा घ्यायला बसलो की मला आधी ती रांग दिसते.

खरं तर या मागणीची ठिणगी आमच्या जवळच पडली होती. जानेवारी 1959मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव झाला आणि त्याच वर्षी राजाजी, मिनू मसानी, एन. जी. रंगा यांनी स्वतंत्र पक्ष काढला. ‘जमीन आमची, ती आमच्याच नावावर राहू द्या’ म्हणणारे शेतकरी त्यात होते, परवाना राज्याला कंटाळलेले उद्योजक होते आणि तनख्याची काळजी लागलेले राजेरजवाडेही होते. 1967मध्ये लोकसभेत 44 जागांपर्यंत पोहोचलेला हा पक्ष 1974मध्ये भारतीय लोकदलात विरला. ठराव नागपूरचा असला, तरी त्याला दिलेलं उत्तर विदर्भात रुजलं नाही. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता (वेगळा जिल्हा 1999मध्ये झाला) आणि 1954च्या पोटनिवडणुकीत याच भंडाऱ्यानं अशोक मेहतांसारख्या समाजवादी विचारवंताला लोकसभेत धाडलं होतं. त्याच निवडणुकीत राखीव जागेवर डॉ. आंबेडकर हरले, ही बोच इकडे अजून आहे.

सरकार कमी असावं या विचाराचं मुंबईतही एक जुनं बिऱ्हाड होतं. रणछोडदास लोटवाला हे त्याचे धनी. 1920च्या दशकात तरुण कॉम्रेड डांग्यांना पैसा आणि पुस्तकं पुरवणारे हेच गृहस्थ पुढे ‘द इंडियन लिबर्टेरियन’ या नियतकालिकाच्या मागे उभे राहिले. एम. पी. टी. आचार्य यांच्यासारख्या पक्क्या अराजकवाद्यालाही त्यांच्याच वर्तुळात आसरा मिळाला. कम्युनिस्ट, अराजकवादी आणि बाजारवादी असे तिघे एकाच यजमानाच्या पंगतीला. स्वतंत्रतावाद्यांत एकमत का नसतं, असं मला कुणी विचारलं तर मी या पंगतीकडे बोट दाखवतो.

मराठी मुलखात हा विचार रस्त्यावर आणला तो शरद जोशींनी. स्वित्झर्लंडमधली टपाल संघटनेची नोकरी सोडून आंबेठाणला कोरडवाहू शेती घेतलेला हा माणूस. 1978च्या सुमारास चाकणचा कांदा, 1979मध्ये शेतकरी संघटना, 1981मध्ये निपाणीची तंबाखू. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा आणि छातीवर लाल बिल्ला. शेतमालाचे भाव सरकारच पाडतं, हे त्यांनी उणे सबसिडीच्या हिशेबानं गावोगाव समजावलं. कापूस एकाधिकार योजनेमुळे पोळलेल्या पश्चिम विदर्भाला ते पटलं. 1994मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला, म्हणजे राजाजींचा धागा पुन्हा उचलला.

पण धागा उचलला तेव्हाच तो पिंजायलाही लागला होता. 2 ऑक्टोबर 1989ला दिल्लीत बोट क्लबवर जोशी आणि उत्तर प्रदेशातले शेतकरी नेते टिकैत यांचं जाहीरपणे फाटलं. शेतमालाचा जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावावर जोशी ‘येऊ द्या’ म्हणाले, तर कर्नाटकातले नंजुंडस्वामी ‘हाकला’ म्हणाले, आणि दोघंही शेतकऱ्याच्या स्वातंत्र्याची शपथ घेत होते. 1986मध्ये चांदवडला लाखभर बायांचा मेळावा भरवणारे जोशी 2010मध्ये राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकाच्या विरोधात उभे राहिले. मतं 186 विरुद्ध 1. ते एक मत जोशींचं. मला त्यांची ती भूमिका पटली नव्हती, आजही पटत नाही. पण एवढ्या सभागृहात एकट्यानं हात वर करायला काय लागतं, हेही कळतं.

त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांच्या वाटा तर अशा फुटल्या की नकाशा काढावा. राजू शेट्टींनी 2004मध्ये स्वाभिमानी शेतकरी संघटना काढली आणि उसाच्या एकरकमी एफआरपीसाठी, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या भावासाठी, लढे दिले. रघुनाथदादा पाटील दोन साखर कारखान्यांतली हवाई अंतराची अट काढा म्हणत राहिले. भाव बाजारानं ठरवावा असं ऐकत वाढलेले पाशा पटेल राज्याच्या कृषिमूल्य आयोगाचे अध्यक्ष झाले. राजुऱ्याचे वामनराव चटप तीन वेळा आमदार झाले आणि स्वतंत्र विदर्भाचा झेंडा घेऊन अजून फिरतात. सरकार कमी करा म्हणणाऱ्यांनी आणखी एक सरकार मागावं, यावर आमच्या चहाच्या टपरीवर भरपूर हसू होतं. पण राजधानी म्हणून नागपूर जवळ पडेल, एवढं मात्र सगळे मान्य करतात. 2020च्या कृषी कायद्यांनी उरलंसुरलं झाकलेलंही उघडं केलं : शेतकरी संघटनेचे अनिल घनवट कायद्यांच्या बाजूनं, सर्वोच्च न्यायालयाच्या समितीवर, शेट्टी विरोधात, रस्त्यावर.

या साऱ्या गदारोळात गोंदिया कुठं होता? रांगेत. कांद्याला व्यापारी असतो, कापसाला जिनिंग असतं. धानाला आमच्याकडे मिल आहे, मिलांचीच तर ही नगरी. पण मिलवाला स्वतः सरकारी भरडाईवर जगतो : एक क्विंटल धान घ्यायचा आणि 67 किलो तांदूळ जमा करायचा. तो तांदूळ जातो रेशनला. पेरणाऱ्यापासून खाणाऱ्यापर्यंत साखळीच्या कडीकडीत सरकार. त्यात सीमेपलीकडे छत्तीसगड. 2023च्या हंगामापासून तिथं धानाला 3100 रुपये, इकडे त्या वर्षीचा हमीभाव 2183 आणि वर हेक्टरी बोनस, तोही मिळेल तेव्हा. मग इकडचा धान रात्री तिकडे सरकतो आणि तो अडवायला तिकडचं सरकार नाके लावतं. मुक्त बाजार आमच्याकडे आहे तो एवढाच, अंधारातला. आमच्या माणसाला जोशींचं भाषण आवडलं, पण त्यानं काटा सोडला नाही. त्यात त्याची चूक होती असं मला वाटत नाही.

आणि तरीही सरकारला प्रत्यक्षात बाजूला सारण्याचं काम याच जिल्ह्यात झालं. फक्त ते लाल बिल्लेवाल्यांनी केलं नाही. 1969च्या कायद्यानं तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारच्या मुठीत गेला होता. उन्हाळ्यात पहाटे जंगलात जाऊन पानं तोडायची, पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे, लिलाव वनखात्याचा. गोंदिया पाचव्या अनुसूचीत नाही, त्यामुळे आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचा आधार नव्हता. आधार मिळाला तो 2006च्या वनहक्क कायद्याचा. 2013च्या हंगामात देवरीकडच्या ग्रामसभांनी, शेजारच्या गडचिरोलीतल्या काही गावांसोबत, आपला तेंदूपत्ता आपणच विकायला काढला. व्यापाऱ्याशी बोलणी गावानं केली, करार गावानं केला.

यामागची माणसं राजाजी वाचलेली नव्हती. त्यांची वाट पवनारच्या विनोबांकडून, त्यांच्या शासनमुक्तीच्या कल्पनेतून आणि ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाकडून आलेली. बाजारवाल्यांना ही मंडळी समाजवादी वाटतात, कारण मालकी सामूहिक. यांना बाजारवाले शेठजींचे वकील वाटतात. सरकार नको म्हणणारे तिसरे, म्हणजे नक्षलवादीही, याच जंगलात बंदुका घेऊन फिरत होते, पण त्यांना हवं असलेलं सरकार आहे त्याहून कितीतरी जाड होतं, म्हणून त्यांना मी या हिशेबात धरत नाही. पहिल्या दोघांना मात्र एकमेकांची ओळखच पटली नाही, आणि या साठ-पासष्ट वर्षांत मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती याचीच.

देवरीकडच्या एका फळीवर मे महिन्यात थांबलो होतो. कडुनिंबाखाली पुड्यांच्या रांगा उलट्या-सुलट्या होत वाळत होत्या, गावातलीच बारावी झालेली पोरगी वहीत शेकडे टाकत होती. वनखात्याचा माणूस कुठे दिसला नाही. पैसे कसे वाटणार, असं विचारलं तर एक बाई म्हणाली, ते ग्रामसभेत ठरलं आहे. मग हातातला पुडा खाली ठेवून मलाच विचारलं, ‘भाऊ, तुमच्याकडे काटा लागला होता का औंदा?’