परळच्या पाण्यातून भूगोलाची ओळख

लालबाग-परळच्या चाळीत वाढणाऱ्या मुलाला ‘बेट’, ‘भरती’, ‘सखल प्रदेश’ हे शब्द प्रथम पाठ्यपुस्तकात भेटतात. त्यांच्या व्याख्या तो पाठ करतो व परीक्षेत बिनचूक लिहितो. त्याच मुलाने पावसाळ्यात हिंदमाता परिसरात गुडघाभर पाणी पाहिलेले असते. परंतु ते पाणी आणि ती व्याख्या यांचा काही संबंध आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. प्राकृतिक भूगोल प्राथमिक वर्गात परका वाटतो तो बहुधा यामुळेच.

भरती-ओहोटीचा पाठ चंद्राच्या आकर्षणापासून सुरू करण्याचा मोह शिक्षकांनी आवरलेला बरा. न दिसणारे बल चौथीतील मुलाच्या पचनी पडत नाही. गिरगाव चौपाटी मात्र त्याच्या ओळखीची असते. ७ सप्टेंबर २०२५ रोजी सकाळी ‘लालबागचा राजा’ चौपाटीवर पोहोचला. भरतीमुळे मूर्ती तराफ्यावर चढविणे कठीण झाले आणि विसर्जन रात्री पार पडले. तो दिवस भाद्रपद पौर्णिमेचा होता. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहणही होते. पौर्णिमा व अमावास्येला सूर्य, पृथ्वी आणि चंद्र जवळजवळ एका रेषेत येतात व त्या सुमारास समुद्राला उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमाराची भरती भांगाची, म्हणजे बेताची. अनंत चतुर्दशीमागोमाग पौर्णिमा येत असल्यामुळे गणपती विसर्जनाला निघतात ते दरवर्षी उधाणाच्याच दिवसांत.

भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब कोकण किनाऱ्यावर रूढ आहे. पक्षातील तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. त्यानंतरची भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते. म्हणून रोजची वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. वर्गातील मुलांनी आठवडाभर हा हिशेब करून वर्तमानपत्रातील वेळेशी ताडून पाहावा. उत्तरात थोडा फरक पडेल, आणि तो का पडतो हे विचारणारा एखादा विद्यार्थी निघाला तर चंद्राचा विषय तेथे आपोआप येईल.

बेटांसाठी एक परात पुरेशी आहे. तीत चिकणमातीचे सात उंचवटे करून पाणी ओतावे, म्हणजे कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही मूळची सात बेटे समोर उभी राहतात. मग मधल्या खोलगट जागा मातीने भरून टाकाव्यात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात महालक्ष्मी ते वरळी असा बांध घालून समुद्राचे पाणी अडविले गेले आणि पुढे भराव होत गेले. जमीन एक झाली, उंचसखलपणा राहिला. आता झारीने पाऊस पाडला की पाणी कोठे साचते ते मुले स्वतःच बोट ठेवून दाखवितात. स्थळनामांतही हा भूगोल शिल्लक आहे. डोंगरी म्हणजे टेकडी. उमरखाडीच्या नावात खाडीच आहे. आणि खाडी ओलांडून येणारे लोक जेथे पाय धूत ती पायधुणी, असे सांगितले जाते.

या दोन पाठांची सांधेजोड हिंदमातेपाशी होते. शहराच्या पर्जन्यवाहिन्या समुद्राला मिळतात, परंतु त्यांपैकी अनेकांची तोंडे भरतीच्या पातळीखाली आहेत. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पाण्याला उताराची वाट उरत नाही. हाजी अली, वरळी, रे रोड येथील उदंचन केंद्रे व हिंदमातेसाठी बांधलेल्या भूमिगत साठवण टाक्या याच अडचणीवरचे उपाय होत. २९ ऑगस्ट २०१७ रोजी अशाच तुंबलेल्या पाण्यात प्रभादेवी स्थानकाच्या परिसरात उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामांकित डॉक्टरांचा मृत्यू झाला. शाळेतून घरी जाणारे मूल त्याच रस्त्यांवरून चालते.

साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस व वेळा महानगरपालिका पावसाळ्यापूर्वी जाहीर करते. ती यादी जून महिन्यात वर्गाच्या भिंतीवर लागावी, आणि त्या दिवशी शाळा सुटण्याची वेळ भरतीच्या वेळेशी जुळते काय, हे मुलांनीच फळ्यावर मांडावे. किनाऱ्यावरील गावांच्या शाळांना तर परातीचीही गरज नाही. खाडी दारातच असते.