चुकारा आणि चूक

दसरा-दिवाळी उलटली की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात जिनिंगचा हंगाम सुरू होतो. वणी, राळेगाव, घाटंजी, पांढरकवडा, कुठेही जा, कापसाच्या गाड्यांची रांग दिसते. काही वर्षांपूर्वी अशाच एका हंगामात एका जिनिंगमध्ये जाण्याचा योग आला. मालक त्रासले होते. रुईत सुतळीचे तुकडे सापडत होते, पुड्यांचे कागद सापडत होते. गाठीत असा कचरा गेला की भाव पडतो. त्यातच एका मजुराचा हात यंत्रात जाता जाता वाचला होता. मी मुकादमाला कारण विचारले. तो म्हणाला, "माणसं कामावर हायेत जी, पण ध्यान घरी हाय त्यायचं."

मी तेव्हा मालकांना सल्ला दिला, की चुकेल त्याला दंड करा. आज त्या सल्ल्याची मला लाज वाटते. मुकादमाने रोग बरोबर ओळखला होता, मी औषध चुकीचे दिले.

हे कळायला मानसशास्त्रातील दोन अभ्यास कारणीभूत झाले. पहिला तामिळनाडूतील ऊस उत्पादकांचा, २०१३ साली प्रसिद्ध झालेला. संशोधकांनी ४६४ शेतकऱ्यांना आकृत्यांची कोडी सोडवायला दिली, एकदा ऊस तुटण्यापूर्वी आणि एकदा पैसे हाती आल्यावर. माणसे तीच, पण हात आखडलेला असताना त्यांना कोडी कमी सुटली. अक्कल कमी झाली नव्हती, ती देण्या-घेण्याच्या हिशेबात गुंतली होती. आपले लक्ष म्हणजे विहिरीचे पाणी समजा. एका मळ्याला सोडले की दुसरा तेवढा कोरडा राहतो.

दुसरा अभ्यास ओडिशातला. पानांच्या पत्रावळी तयार करणारे ४०८ मजूर. काम सुमारे दोन आठवड्यांचे, मजुरी नगावर. काहींना सर्व पैसे शेवटी मिळाले. काहींना झालेल्या कामाचे पैसे मधेच देऊन टाकले. दर तोच, एकूण मजुरीही तीच. बदलली ती फक्त तारीख. ज्यांच्या हाती पैसे आले, त्यांनी उधारी फेडली, घरचे सामान भरले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचे काम सरासरी सुमारे सात टक्क्यांनी वाढले. जे अधिक गरीब होते, त्यांच्यात वाढ अधिक होती. आणि लक्ष नसल्यामुळे होणाऱ्या चुका कमी झाल्या.

आता माझ्या दंडाचा विचार करा. ज्याच्या डोक्यात दुकानदाराची उधारी घोळते आहे, त्याच्या डोक्यावर मी आणखी एक कर्ज चढवायला सांगत होतो. त्याचे लक्ष त्याने आणखी उडाले असते, जागेवर आले नसते.

ओडिशातच २०१८ साली प्रसिद्ध झालेला आणखी एक प्रयोग मालकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. एकाच गटातील मजुरांना वेगवेगळी मजुरी दिली आणि त्याचे कारण दिसत नसले, तर कमी मजुरीवाल्यांचे काम घटले. ते खाडेही करू लागले, स्वतःचे नुकसान सोसून! पण कोण किती काम करतो हे सर्वांना उघड दिसत होते, तेथे फरक असूनही मन दुखावले नाही. म्हणजे माणसाला फरक सोसतो, पण त्यामागचे कारण दिसावे लागते.

नेतृत्व म्हटले की आपल्याला भाषण, दरारा, मोठी खुर्ची आठवते. मला वाटते, माणसाच्या लक्षाची राखण करणे हेही नेतृत्वच. त्यासाठी फार खर्च नाही. चुकाऱ्याचा दिवस ठरवा आणि तो पाळा. महिनाअखेरीची वाट न पाहता आठवड्याला द्या. कोणाला जास्त दिले तर का, ते सर्वांसमोर सांगा. चूक सांगायला आलेल्यावर ओरडू नका, नाहीतर पुढची चूक थेट गाठीतच सापडेल.

एक सावधगिरी मात्र हवी. लवकर दिलेली मजुरी म्हणजे वाढीव मजुरी नव्हे. पोट भरत नसेल एवढी कमी मजुरी वेळेवर दिली, तरी चिंता राहणारच. आणि यंत्राला जाळी नसेल, तर दोष लक्षाचा नाही, मालकाचा आहे.

आपल्या गावांत निंदणाच्या बायांची मजुरी आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी देण्याची रीत आहे. ज्याने ती पाडली, त्याने मानसशास्त्राचे पुस्तक पाहिलेही नसेल. पण बाजाराच्या दिवशी रिकामी पिशवी घेऊन घरी बसणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होते. मालकाला एवढे ठाऊक असले, तरी निम्मे काम झाले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)